एक वळीव, एक छत्री आणि जुना जपान : घरबसल्या जपानी चित्रं-पुस्तकं वाचायला कशी सुरुवात करावी

जुन्या जपानी चित्रांचा नाद लागलेल्या माणसाची पहिली रात्र साधारण सारखीच जाते. कुठल्या तरी म्युझियमचं संकेतस्थळ उघडायचं, शोधाच्या चौकटीत 'जपान' टाकायचं आणि समोर हजारो चित्रं आली की धडाधड उतरवून घ्यायची. माझ्या लॅपटॉपवर अशा चारशे चित्रांचा एक फोल्डर अजून पडून आहे. लाट, फुजी, मांजर, छत्रीवाली बाई, पुन्हा फुजी. कुठलं चित्र कुणाचं, कधीचं, कुठून घेतलं, याची कुठेही नोंद नाही. म्हणजे उपयोग शून्य.

वर्षभराने उलटं करून पाहिलं. एकच चित्र घेतलं आणि महिनाभर त्यावरच बसलो. जे काही शिकलो ते त्या महिन्यात. म्हणून खालची वाट तशीच आखली आहे: एक चित्र, त्यातली एक वस्तू आणि त्या वस्तूच्या मागोमाग एक पुस्तक. पैसे लागत नाहीत, जपानी येण्याची अट नाही. लॅपटॉप असला तर बरा, कारण मोबाइलवर समासातले शिक्के बघता बघता डोळे दुखतात. आणि एक वही घ्या.

आधी दोन मिनिटं पार्श्वभूमी

आजच्या टोकियोचं जुनं नाव एदो. १६०३ ते १८६८ या काळात शोगुनांचा, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांचा, कारभार इथून चालला. या शहरात लाकडी ठशांवरून छापलेली जी चित्रं विकली जात, ती उकियो-ए. हे दरबारी काम नव्हे, सरळ बाजारातला माल. प्रकाशक पैसा लावायचा, चित्रकार रेखाटन द्यायचा, कोरणारा ते चेरीच्या लाकडात उतरवायचा, छापणारा रंग भरून कागदावर घासायचा. नाव मात्र चित्रकाराचंच राहिलं. १७६५ च्या सुमारास अनेक रंगांची छपाई रुळली आणि तिथून हा धंदा फोफावला. १८४२ च्या सरकारी हुकमाने सुट्या चित्राची किंमत १६ मोनच्या (मोन हे तेव्हाचं नाणं) वर जाऊ द्यायची नाही असं ठरलं. सोबा शेवयांचा एक वाडगाही तेव्हा १६ मोनलाच मिळायचा. आपण आज काचेआड बघतो ते चित्र तेव्हा एका वाडग्याच्या भावात घरी जात होतं.

पायरी पहिली : चित्र एकच निवडा

माझी शिफारस हिरोशिगेच्या 'ओहाशी, आताकेचा युदाची' या चित्राची. युदाची म्हणजे उन्हाळ्यात दुपार कलल्यावर अचानक कोसळणारी सर. आपला वळीवच म्हणा ना. हिरोशिगेने (१७९७–१८५८) आयुष्याच्या अखेरीस 'एदोची शंभर प्रसिद्ध ठिकाणं' ही मालिका काढली, त्यातलं हे १८५७ चं चित्र. सुमिदा नदीवरचा लाकडी पूल, त्यावर पावसाने गाठलेली माणसं आणि खाली ओंडक्यांचा तराफा हाकणारा एकटा माणूस. १८८७ मध्ये व्हॅन गॉगने याची तैलरंगात नक्कल केली, त्यामुळे चित्र ओळखीचं वाटण्याची शक्यता आहे.

न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम, तिथलंच ब्रुकलिन म्युझियम किंवा शिकागोची आर्ट इन्स्टिट्यूट, यांपैकी कुठल्याही एका संकेतस्थळावर जा. ब्रुकलिनकडे ही मालिका अख्खी आहे. शोधात इंग्रजी अक्षरांत 'हिरोशिगे' आणि 'ओहाशी' एवढे दोनच शब्द टाका. लांबलचक वाक्य टाकलंत तर यंत्र गोंधळतं.

पायरी दुसरी : माहिती वाचण्याआधी वीस मिनिटं नुसतं बघा

हे अवघड आहे, कारण शेजारी म्युझियमने लिहिलेली माहिती खुणावत असते. तिच्यावर हात ठेवा. चित्र जेवढं मोठं होईल तेवढं करा आणि एका कोपऱ्यापासून सुरू करा.

पावसाच्या रेघा बघा. त्या समांतर नाहीत. किंचित वेगवेगळ्या तिरकेपणाच्या रेघांचे दोन ठसे आहेत आणि ते एकावर एक छापले आहेत, म्हणून पाऊस डोळ्यांसमोर हलतो. आता कोरणाऱ्याचा विचार करा. ठशावर रेघ उंच राहायला हवी, म्हणजे त्या केसाएवढ्या रेघेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड खोदून काढायचं. अशा शेकडो रेघा, आणि एक तुटली की ठसा वाया.

वर काळा ढग आहे. तो काळ्यातून विरत विरत खाली येतो. याला बोकाशी म्हणतात. यात कोरणाऱ्याचं काम नाही. छापणारा ओल्या ठशावरचा रंग हाताने पुसत पुसत हलका करतो आणि मग कागद टेकवतो. प्रत्येक कागदासाठी पुन्हा तेच. म्हणूनच एकाच चित्राच्या दोन प्रतींतले ढग सारखे नसतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, चौथ्या पायरीला लागणार आहे.

नदीचा गडद निळा हा बर्लिनमध्ये शोधलेला रासायनिक रंग. जपानी लोक त्याला 'बेरो' म्हणत, बर्लिनवरून. १८३० च्या आसपास तो स्वस्त झाला आणि निसर्गचित्रांचा पूरच आला. त्याआधीचे वनस्पतिजन्य निळे आणि करडईचा लाल उजेडात उडतात. जुन्या चित्रांचे फिके, सात्त्विक वाटणारे रंग बघून 'काय ती जपानी अभिरुची!' म्हणण्याआधी थांबा. ते मुळात भडकही असतील.

आणि पुलावरची माणसं. कुणी छत्रीत दाटीवाटीने घुसलंय, कुणी डोक्यावर चटई धरून पळतंय. जुन्या जपानी चित्रांत पावसात गवताचं आवरण पांघरलेली माणसंही भेटतात. त्याला मिनो म्हणतात. कोकणातलं इरलं पाहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तराफेवाल्याच्या अंगावर काय आहे ते झूम करून तुम्हीच ठरवा आणि वहीत लिहा.

पायरी तिसरी : कडेचं वाचा

नवशिके इथेच कंटाळतात, आणि मजा तर इथेच आहे. चित्रावर सहसा चार प्रकारची अक्षरं असतात: मालिकेचं नाव, चित्राचं नाव, चित्रकाराची सही आणि प्रकाशक व सरकारी तपासणीचे शिक्के. या मालिकेत वर उजवीकडच्या उभ्या लाल पट्टीत मालिकेचं नाव आहे, तिला लागून चौकोनात चित्राचं. सही तीन अक्षरांची: हिरो, शिगे, गा. शेवटचं 'गा' म्हणजे 'काढलं'. पुढे इतर चित्रकारांच्या सह्यांत 'गा'च्या जागी 'हित्सु', म्हणजे कुंचला, दिसेल. ही दोन अक्षरं नजरेत बसली की कुठल्याही चित्रावर सही कुठे संपते ते कळतं.

शिक्के चौकटीबाहेरच्या समासात असतात. काही मालकांनी समास कापून टाकलेत. तसं असेल तर दुसऱ्या म्युझियमची प्रत उघडा. 'तपासलं' असं सांगणारा एक गोल शिक्का आणि त्याच्याजवळ तारखेचा. तारखेच्या शिक्क्यात दोनच गोष्टी: साप आणि नऊ. सर्प वर्षाचा नववा महिना. बारा प्राण्यांचं चक्र दर बारा वर्षांनी फिरतं, आणि हिरोशिगेच्या या काळात बसणारं सर्प वर्ष म्हणजे १८५७. आता गंमत बघा. नववा महिना म्हणजे शरद ऋतू, आणि चित्र उन्हाळी सरीचं. शिक्का परवानगीचा महिना सांगतो, पावसाचा नाही.

तारखांच्या बाबतीत मराठी वाचकाचं काम सोपं आहे. शके लिहिलं असलं की ७८ मिळवायचे, हे आपण शाळेत शिकलोय. तिकडे वर्षं कालखंडाच्या नावाने मोजत, म्हणून दर कालखंडाला वेगळा आकडा. आन्सेईत १८५३ मिळवा, काएईत १८४७, तेनपोत १८२९, मेइजीत १८६७. आन्सेई ४ म्हणजे १८५७. महिने चांद्र, आणि चक्क अधिक मास! १८५७ मध्ये त्यांचा पाचवा महिना अधिक होता. परदेशी मार्गदर्शकांत या अधिक मासावर दोन-दोन परिच्छेद खर्च केलेले असतात. आपल्याकडे जावयाला वाण देण्याच्या निमित्ताने ते घरोघरी माहीत आहे. जपानने १ जानेवारी १८७३ पासून युरोपीय दिनदर्शिका घेतली. त्याआधीच्या वर्षाचा बारावा महिना आपल्या हिशेबात पुढच्या वर्षात जाऊ शकतो, एवढं ध्यानात असू द्या.

पायरी चौथी : तेच चित्र, दुसरी प्रत

आता 'उकियो-ए डॉट ऑर्ग' उघडा. जॉन रेसिग या संगणक-प्रोग्रॅमरने २०१२ मध्ये हे सुरू केलं. वेगवेगळ्या संग्रहांतली दोन लाखांहून जास्त चित्रं एकाच ठिकाणी शोधता येतात, आणि शब्दांऐवजी चित्रच चढवून शोधता येतं. तुमचं पावसाचं चित्र चढवा. काही क्षणांत निरनिराळ्या म्युझियममधल्या त्याच चित्राच्या प्रती रांगेत येतील.

दोन प्रती शेजारी ठेवा आणि क्रमाने हे बघा: ढगाचा काळेपणा, नदीतल्या निळ्याच्या छटा, पैलतीरावरच्या धूसर आकृत्या, मग बाह्यरेषा. ठसे वापरून झिजतात, रेषा मध्येच तुटतात. खप वाढला की प्रकाशक घाई करतो, छापणाऱ्याचे हात कमी फिरतात आणि ढग विरण्याऐवजी सपाट पट्टा होतो. रेघा सगळ्याच वेगळ्या दिसल्या तर ती नव्याने कोरलेली नक्कल असते. अशा नकला विसाव्या शतकातही भरपूर निघाल्या, आणि त्यात फसवणूक होतीच असं नाही. मला मात्र एका दुकानात अशीच एक 'मूळ प्रत' म्हणून गळ्यात मारली होती. ही पायरी तेव्हा माहीत असती तर पैसे वाचले असते.

पायरी पाचवी : छत्री धरून पुस्तकात शिरा

चित्र छत्री दाखवतं, पण ती कशाची, कोण वापरायचं, हे सांगत नाही. त्यासाठी पुस्तकं.

टोकियोच्या नॅशनल डाएट लायब्ररीचा डिजिटल संग्रह उघडा. (या डाएटचा वजन कमी करण्याशी संबंध नाही, तिथल्या संसदेचं हे नाव.) इंग्रजीची सोय आहे. शोध घेतल्यावर 'इंटरनेटवर खुलं' असलेल्यांचीच निवड करा, नाहीतर अर्ध्या पुस्तकांवर टिचकी मारून कुलूपच दिसेल, कारण घरबसल्या बघायच्या काही सोयी फक्त जपानमधल्या रहिवाशांसाठी आहेत. दुसरी युक्ती: नाव इंग्रजी अक्षरांत टाकून मिळालं नाही, तर विकिपीडियाच्या पानावरून मूळ जपानी अक्षरं उचलून चिकटवा. मी दोन दिवस डोकं आपटल्यावर हे सुचलं.

शोधायचं पुस्तक 'मोरिसादा मानको'. किता‍गावा मोरिसादा ओसाकात जन्मला, मग एदोत आला, आणि १८३७ पासून तीसेक वर्षं जे दिसेल ते लिहून, चित्रं काढून ठेवत गेला. केसांच्या गाठी, फेरीवाल्यांच्या कावडी, सुशी, दिवे, दुकानांच्या पाट्या. छत्र्या आणि पादत्राणांचा भाग वेगळा. छत्री बांबूच्या काड्यांची, वर तेल पाजलेला कागद. साधी जाडजूड वेगळी, मिरवायची नाजूक वेगळी. शिवाय त्याची एक खोड मला फार आवडते: प्रत्येक वस्तूला 'क्योतो-ओसाकात असं, एदोत तसं' म्हणत तो तुलना करतो. पुणे-मुंबई वाद ऐकत वाढलेल्याला हा माणूस लगेच आपला वाटतो. त्याच्या हयातीत हे छापलं गेलं नाही. तुम्ही बघता ती हस्तलिखिताची पानं आहेत.

उलटताना सावध. जपानी पुस्तक आपल्या शेवटच्या पानावरून सुरू होतं, मजकूर उभा, उजवीकडून डावीकडे. पडद्यावरही पुढे जायला बहुतेक वेळा डावा बाण. माझं पहिलं पुस्तक मी पाठमोरं वाचलं आणि 'सुरुवातीलाच प्रकाशकाची जाहिरात कशी?' म्हणून चकित झालो.

पूल आणि नदी जास्त आवडली असेल तर छत्री सोडा आणि 'एदो मेइशो झुए' घ्या. १८३४ ते १८३६ मध्ये निघालेला हा एदोचा सचित्र स्थळग्रंथ, साइतो घराण्याच्या तीन पिढ्यांनी मिळून तडीस नेलेला. हासेगावा सेत्तानची चित्रं इतकी भरगच्च आहेत की एका पानात संध्याकाळ जाते.

पायरी सहावी : लिपीला घाबरू नका

पुस्तक उघडताच दिसेल ती कुझुशिजी, वाहत्या कुंचल्याची मोडलेली अक्षरं. आजच्या शिकल्यासवरल्या जपानी माणसालाही ती वाचता येत नाहीत. हे ऐकून परदेशी लोकांना धक्का बसतो. आपल्याला बसू नये. आजोबांच्या ट्रंकेतलं मोडीतलं खरेदीखत आपण असंच उलटसुलट करून परत ठेवतो. तिकडे १९०० मध्ये शाळांसाठी एका उच्चाराला एकच काना (उच्चार दाखवणारं) अक्षर ठरवलं गेलं, आणि बाकीची रूपं हळूहळू विस्मरणात गेली.

'मिवो' नावाचं मोफत अ‍ॅप २०२१ मध्ये आलं. पानाचा फोटो काढा, ते कुझुशिजी ओळखून वर आजची अक्षरं दाखवतं. अपेक्षा मात्र बेताची ठेवा. ते लिपी बदलून देतं, भाषांतर नाही. मोडीचं बाळबोध करून दिल्यासारखं. त्यातली अक्षरं उचलून भाषांतरयंत्रात टाकली तर अर्धं धड, अर्धं विनोदी उत्तर मिळतं, कारण यंत्र आजची भाषा शिकलंय आणि पुस्तक दोनशे वर्षं जुनं. छापील पुस्तकांवर चांगलं चालतं, घाईच्या हस्ताक्षरावर अडखळतं. मी ते फक्त चित्राशेजारच्या एक-दोन शब्दांसाठी वापरतो.

इथून पुढे ज्याची त्याची आवड

देवांची आवड असेल तर 'बुत्सुझो झुई' शोधाच. बौद्ध मूर्तींचा हा सचित्र कोश १६९० मध्ये आला, १७८३ मध्ये वाढवून निघाला. पानं उलटताना अचानक घरच्यांसारखी माणसं भेटतात. वीणेच्या जातीचं बिवा हे वाद्य घेतलेली बेंझाइतेन म्हणजे सरस्वती. बिशामोनतेन म्हणजे कुबेर, ताइशाकुतेन इंद्र, कातेन अग्नी, सुइतेन वरुण, फूतेन वायू, आणि एन्मा कोण ते नावातच आहे. पूजेत आठ दिशांना अक्षता टाकताना घेतो ती नावं चीनमार्गे तिथवर गेली. बेंझाइतेनची देवळं पाण्याकाठी असतात. सरस्वती मुळात नदी होती, हे तिथे कुणीतरी जपलं. हिरोशिगेच्या एनोशिमा बेटाच्या चित्रांत बायकांचे जथे जाताना दिसतात, ते हिच्याच दर्शनाला.

स्वयंपाकघर आवडत असेल तर १७८२ मध्ये ओसाकात निघालेलं 'तोफू ह्याकुचिन' बघा: तोफूचे शंभर पदार्थ, सहा प्रतींत लावलेले, रोजच्या साध्यापासून अप्रतिमपर्यंत. ते इतकं खपलं की पुढच्याच वर्षी दुसरा भाग आला. जपानमधल्या मानव्यविद्या खुल्या विदा केंद्राने १७८५ च्या एका पुस्तकातल्या अंड्यांच्या पाककृती आजच्या भाषेत, मापांसकट उतरवून दिल्या आहेत. नुसतं बघून कंटाळलात तर करूनही बघा.

भुताखेतांना तोरियामा सेकिएन (१७७६ पासून), गणिताला १६२७ चं 'जिनकोकी', चित्रं काढणाऱ्यांना होकुसाई या चित्रकाराची पंधरा भागांची 'मांगा' ही रेखाटनांची पुस्तकं, पहिला भाग १८१४. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे पुल्वेरर संग्रहातली सचित्र पुस्तकं इंग्रजी टिपणांसह आहेत. जपानी संकेतस्थळांचा धीर होत नसेल तर तिथून आरंभ करायला हरकत नाही. मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाच्या संग्रहातल्या जपानी वस्तू प्रत्यक्ष बघता येतात.

दोन सूचना, जराशा कडू

ही चित्रं कॅमेरा नव्हेत. सुंदर केशरचनांच्या ज्या बायका सगळ्यात जास्त दिसतात, त्यांपैकी पुष्कळशा योशिवारा या परवानाधारक वस्तीतल्या, कर्जापोटी लहानपणीच विकल्या गेलेल्या. चित्रं ही त्या धंद्याची जाहिरातही होती. आणि जे तपासनिसाच्या शिक्क्यातून सुटलं तेवढंच खुल्या बाजारात आलं. १८४२ नंतर काही वर्षं नटांची चित्रं नावानिशी छापता येत नव्हती, तेव्हा कुनियोशीसारख्या चित्रकारांनी मांजरं आणि मासे नटांच्या चेहऱ्यांचे काढले. काय दिसतंय याइतकंच काय दिसत नाहीय तेही वहीत टिपा.

दुसरी: 'शुंगा' या नावाची शृंगारिक चित्रं शोधात न बोलावता येतात. मुलांसोबत बसणार असाल तर आधी एकट्याने शोध घेऊन ठेवा.

उतरवून घेताना

चित्र जुनं म्हणून फोटोही मोकळा, असं सरसकट नाही. मेट्रोपॉलिटनने २०१७ पासून आपल्याकडच्या कॉपीराइट संपलेल्या कलाकृतींचे फोटो कुठल्याही वापरासाठी खुले केलेत. डाएट लायब्ररीतल्या मुदत संपलेल्या पुस्तकांनाही परवानगी मागावी लागत नाही. ब्रिटिश म्युझियमचे फोटो मात्र व्यापारी वापराला चालत नाहीत. चित्राखालची एक ओळ वाचायची, एवढंच.

फाइलला नाव देताना चार गोष्टी: चित्रकार, चित्र, साल, संग्रह. पाचवा म्युझियमचा नोंदणी क्रमांक. तो असला की बाकीचं हरवलं तरी परत सापडतं.

माझ्या त्या चारशे चित्रांचं काम आता सुरू केलंय. दर रविवारी एक चित्र उकियो-ए डॉट ऑर्गवर चढवतो. अकरांची नावं-सालं लागली, त्यात एकाच चित्राच्या तीन प्रती निघाल्या. बाराव्यात एक बाई पावसात उभी आहे, समास कापलेला, सही अर्धी. पण शेवटचं अक्षर दिसतंय. 'गा' आहे.